तीन शेतांची खरी नावं

गेल्या नोव्हेंबरचा दुसरा रविवार, सकाळचे सव्वाअकरा. जागा: धारला माझ्या आत्याच्या घरातली पुढची खोली. रक्कम अकराशे रुपये, पाचशेच्या दोन नोटा आणि शंभराची एक. देणारी सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी. घेणारे दोघे: आत्या आणि तिची जमीन बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करणारा म्हातारा. चौथा मी. कशाबद्दल, तर तीन शेतांच्या नावांबद्दल.

पावती मीच लिहिली. माझी सवय तशी आहे. देवासच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं भांडार सांभाळतो. आलेला आणि गेलेला प्रत्येक नग सहीशिवाय जागचा हलत नाही. पावतीत मी शेतांची नावं लिहिली, प्रत्येकासमोर सरकारी दप्तरातला खसरा क्रमांक लिहिला आणि खाली ओळ टाकली की या माहितीचा जमिनीच्या कोणत्याही हक्काशी संबंध नाही. चौघांच्या सह्या घेतल्या. म्हाताऱ्याने अंगठा न लावता सही केली, तीही हिंदीत सावकाश एकेक अक्षर काढून. एक प्रत मुलीने तिच्या वहीत ठेवली, एक मी माझ्या पिशवीत ठेवली.

पावतीत सगळं बरोबर होतं. तारीख, रक्कम, हजर माणसं. फक्त तिन्ही नावं खोटी होती.

तसं करायला मीच सांगितलं होतं. कारण असं. आत्याचे यजमान जाऊन चार वर्षं झाली. त्यांचं घराणं एकेकाळी धारच्या दरबारात कारकुनीला होतं. त्यातून मिळालेली जमीन वाटण्या होत होत सहा बिघे उरली. गाव धारपासून फार लांब नाही. आत्याला मूल नाही, पेन्शन नाही. बटाईतून जे धान्य आणि पैसे येतात त्यावर तिचं वर्ष निघतं. यातले दोन बिघे ओहोळाच्या पलीकडे आहेत. विहीर तिथेच आहे, म्हणून गहूही तिथेच चांगला होतो. पण सरकारी दप्तरात ते दोन बिघे अजून आत्याच्या यजमानांच्या आणि त्यांच्या थोरल्या भावाच्या सामाईक नावावर होते. थोरले भाऊ केव्हाच गेले. त्यांचा मुलगा पुण्यात. वाटणीत ते शेत आत्याच्याच यजमानांना आलं असं सांगणारं जुनं वाटणीपत्र आत्याच्या ट्रंकेत होतं, पण नामांतरण, म्हणजे दप्तरातला फेरफार, झालेलं नव्हतं. आजूबाजूची शेतं गेल्या दोन वर्षांत एका जमीनवाल्याने घेतली होती. नवा रस्ता निघणार असं लोक बोलत होते. त्या माणसाचा आत्याला दोनदा फोन येऊन गेला होता.

अशा वेळी आत्या मला फोनवर सांगते की एक मुलगी येते आहे आणि तिला आपल्या शेतांची नावं हवी आहेत.

“कसली नावं?” मी विचारलं.

आत्या म्हणाली, शेतांची नावं, आपण म्हणतो ती. मराठी मंडळींच्या दिवाळी फराळाला ही मुलगी कुणाबरोबर तरी आली होती आणि सगळ्या म्हाताऱ्यांना हेच विचारत होती. बाकीच्यांनी सांगितलं की आमची शेतं विकली जाऊन जमाना झाला. आत्या एकटी म्हणाली, आहेत माझी तीन. वर ती मुलगी पैसेही देणार होती.

शेताचं नाव फुकट ऐकायला कुणी तयार नसतो, तिथे ही त्याचे पैसे देते. मला जे वाटायचं ते वाटलं. आमच्या भागात जमीन शोधायला येणारा माणूस पहिल्यांदा कधीच जमीन विचारत नाही. तो पाणी विचारतो, वाट विचारतो, म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करतो.

मी आत्याला म्हटलं, नाही म्हणू नकोस. नाही म्हटलं तर त्यांना कळेल की काहीतरी झाकण्यासारखं आहे. नावं दे, पण बदलून दे.

खरी नावं सांगतो म्हणजे पुढचं समजेल. गावाला लागून खोलगट शेत आहे, अडीच बिघे. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं. मालवीत अशा डबक्याला डाबरी म्हणतात, म्हणून ते डाबरीवाला. ओहोळाला इकडे खाळ म्हणतात. तो ओलांडून जायचं ते दोन बिघ्यांचं शेत खाळपारला, म्हणजे खाळापलीकडचा. आणि मुरमाड टेकाडावरचा दीड बिघा तो बयडीवाला, कारण बयडी म्हणजे टेकडी. ही नावं कुठल्याही सरकारी कागदावर नाहीत. सातबाराऐवजी इकडे खसरा असतो आणि त्यात शेताचा फक्त आकडा असतो. नावं आत्याच्या तोंडात, बटाईदाराच्या तोंडात, आणि पेरणीच्या दिवशी शेतात.

तीन नावं तीन शेतांना सहा प्रकारांनी देता येतात. त्यातला एक खरा. कुठलंच नाव आपल्या जागी राहणार नाही असे प्रकार दोनच. त्यातला एक मी निवडला. खोलगट शेताला खाळपारला म्हणायचं, टेकाडावरच्याला डाबरीवाला आणि पलीकडच्याला बयडीवाला. बटाईदाराला हे फोनवर तीनदा म्हणून दाखवायला लावलं. तो प्रत्येक वेळी एकच विचारायचा, “पर भिया, क्यूं?” मी म्हटलं, बाईसाहेबांच्या भल्यासाठी.

त्या रविवारी मी पहाटेची बस धरून इंदूरमार्गे धारला पोचलो, मुलीच्या आधी. ती पांढऱ्या गाडीतून उतरली. गाडीच्या मागच्या काचेवर एक स्टिकर होतं. त्यावर घराचं चित्र, खाली ‘प्रॉपर्टी’ हा शब्द आणि एक फोन नंबर. मी खिडकीतूनच तो नंबर टिपून घेतला. गाडी तिला सोडून निघून गेली.

मुलगी मात्र साधी. कापडी पिशवी, जाड वही, पायात बूट. मला काका म्हणाली, आत्याला आजी. ती देवासचीच निघाली. तिचे वडील खानदेशातून इकडे कारखान्यात कामाला आलेले, औद्योगिक भागातल्या वसाहतीत राहतात. तिची मराठी अडखळत होती आणि अडखळली की ती हिंदीत जायची. मी विचारलं, शिक्षण? ती म्हणाली, युक्रेनला डॉक्टरकीला गेले होते, साडेतीन वर्षं झाली आणि युद्ध सुरू झालं. परत आले ती परत गेलेच नाही. आता भूगोलात एम.ए. करते आणि शिकवण्या घेते.

डॉक्टरकी सोडून भूगोल. मी मनात तीही नोंद केली.

आत्याने चहा ठेवला आणि तिला विचारलं की हे नावांचं वेड कुठून लागलं. मग ती जे बोलली ते मी लक्ष देऊन ऐकलं, कारण खोटं बोलणारा माणूस लांबून सुरुवात करतो आणि ही फारच लांबून करत होती.

तिकडे ती पहिलं वर्ष वसतिगृहात होती. नंतर एका म्हाताऱ्या बाईकडे खोली घेतली. त्या बाईचं गाव शहराबाहेर होतं आणि सुट्टीच्या दिवशी ती हिला तिथे बटाटे काढायला न्यायची. बसच्या खिडकीतून गावांच्या पाट्या दिसायच्या. ही त्या जोरात वाचायची, भाषा यावी म्हणून. म्हातारी प्रत्येक नावाचा अर्थ सांगायची. झारिच्चा म्हणजे नदीपलीकडचं. स्ताव्की म्हणजे तळी. पिदहिर्ने म्हणजे टेकडीखालचं. बाल्का म्हणजे कोरडी घळ. एखाद्या गावात तळं नसलं तर म्हातारी म्हणायची, होतं, आता शेत आहे, पण पाऊस जास्त झाला की तळं आपली जागा आठवून परत येतं.

“मला वाटायचं, तिकडची नावं म्हणजे कोणी राजा-वाजा असेल,” मुलगी म्हणाली. “पण बहुतेक नावं जमिनीची. पाणी कुठे, उतार कुठे, पार कुठे करायचं. मग मी इथे आले आणि पहिल्यांदा धारच्या बसमध्ये बसले. कंडक्टर थांबे ओरडत होता. टेकरी, खाळ, डाबरी. मैं तो सीट पे सीधी बैठ गई.”

आत्या हसली. मी हसलो नाही. मी विचारलं की या नावांचं पुढे करणार काय. ती म्हणाली, यादी. प्रत्येक शेताजवळ जायचं, नाव आणि जमीन जुळतात का बघायचं आणि लिहायचं. पैसे कशाचे? तर म्हाताऱ्याचा दिवस मोडतो त्याचे पाचशे, आजींना पाचशे आणि चहापाण्याचे शंभर. माझ्या शिकवणीचे आहेत, ती म्हणाली, मी विचारलं नव्हतं तरी.

तेव्हा पावती लिहिली. सही करताना तिने पावती दोनदा वाचली आणि म्हणाली, “काका, तुम्ही खसरा नंबरसुद्धा लिहिले. इतकं तर कुणी देत नाही.” मी म्हटलं, माझ्याकडे अर्धवट काम नसतं.

मग शेतं दाखवायची होती. मी ठरवून टाकलं होतं की रस्त्यावरूनच दाखवायची. रिक्षा उभी केली. म्हाताऱ्याने हात लांब करून एकेक शेत दाखवलं. टेकाडाकडे बोट करून तो ‘डाबरीवाला’ म्हणाला तेव्हा त्याचा आवाज खाली गेला. मुलगी बराच वेळ तिकडे बघत राहिली. टेकाडाच्या बांधावर वेचून काढलेल्या दगडांचा ढीग होता. तिने विचारलं, “बाबा, वहाँ पानी कहाँ भरता है?”

म्हाताऱ्याला खोकला आला. मी म्हटलं, पावसाळ्यात. तिने लिहून घेतलं. मी वहीत डोकावलो, तर तिने नावापुढे एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

परतीच्या बसमध्ये मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. देवासला आल्यावर मी चौकशी सुरू केली. तिच्या वसाहतीत माझा एक सहकारी राहतो, त्याला विचारलं. मुलगी खरोखर शिकवण्या घेत होती, वडील खरोखर निवृत्तीला आले होते. एका दुकानातल्या फोनवरून गाडीवरच्या नंबरला फोन लावला. कोणीतरी उचलला आणि म्हणाला, “बोलिए भाईसाब, प्लॉट चाहिए?” मी फोन ठेवला. सहकाऱ्याकडून कळलं की तो तिचा मामा, देवासला प्लॉट विकतो. म्हणजे दोन गोष्टी खऱ्या आणि एक वाईट. त्या रात्री बायको म्हणाली की तुम्ही तिच्या लग्नासाठीसुद्धा इतकी चौकशी केली नसती. मी म्हटलं, लग्नात जमीन जात नाही.

दहा दिवसांनी ती स्वतःच माझ्या घरी आली. संध्याकाळचे साडेपाच, मी नुकताच कामावरून आलो होतो. पत्ता आत्याने दिला होता. बसली, पाणी प्याली, वही उघडली.

“काका, तुमच्या यादीत चूक आहे.”

मी म्हटलं, कसली?

तिने वहीत एक नकाशा काढला होता. गाव, ओहोळ, तीन शेतं. गावाजवळच्या खोलगट शेतावर बोट ठेवून ती म्हणाली, “तुम्ही याला खाळपारला म्हणता. खाळाच्या पलीकडचं. पण हे गावाच्या बाजूला आहे. पलीकडचं म्हणणारा माणूस मग कुठे राहत होता? खाळाच्या त्या बाजूला तर वस्तीच नाही, कधी नव्हती. मी म्हाताऱ्या माणसांना विचारलं. नाव देणारा कुठे उभा होता ते नावात असतंच ना. झारिच्चा नदीपलीकडचं, तर बोलणारा नदीच्या अलीकडे.”

ती पुढे म्हणाली की डाबरी टेकाडावर नसते आणि बयडी सपाट असत नाही. एक नाव चुकलं तर माणूस विसरला म्हणावं. तिन्ही चुकली, म्हणजे कोणीतरी बसून बदलली.

तिला माझा राग यायला हवा होता, पण तिच्या आवाजात राग नव्हता. ती म्हणाली की युद्ध सुरू झालं त्या आठवड्यात त्या म्हातारीच्या गावच्या लोकांनी रस्त्यावरच्या गावाच्या पाट्या उखडल्या. परक्या सैन्याला वाट सापडू नये म्हणून. एके ठिकाणी उलट्या लावल्या. ही बसने सीमेकडे जात होती तेव्हा सगळ्या खांबांवर नुसत्या खिळ्यांची भोकं होती. ज्या नावांवरून ही मुलगी तिथली भाषा शिकली होती ती सगळी उतरवलेली.

“तेव्हापासून मला कळतं, काका. नाव बदलून सांगणारा माणूस लबाडच असतो असं नाही. घाबरलेला असतो. तुम्ही कुणाला घाबरता?”

हाच प्रश्न जमीनवाल्याच्या माणसानेही विचारला असता. मी तिला तिच्या मामाबद्दल विचारलं. ती जराही चपापली नाही. म्हणाली, मामाला धारला काम होतं, त्याने सोडलं. मामा प्लॉट विकतो, देवासला, आणि माझ्या या कामाला वेडेपणा म्हणतो. यातलं मी काय धरायचं आणि काय सोडायचं? मी तिला चहा दिला आणि काही कबूल केलं नाही. ती गेली.

ती गेल्यावर मी कपाटातून आत्याची फाईल काढली. वाटणीपत्राची छायाप्रत माझ्याकडे होती. मी ती चार वर्षांत नीट वाचली नव्हती. चाळिसेक वर्षांपूर्वीचा कागद, लिहिणाऱ्याचं अक्षर बारीक. त्यात खसरा क्रमांक नव्हते, किंवा होते ते जुने. नंतरच्या मोजणीत क्रमांक बदलले. शेतं ओळखली होती ती नावांनी. ‘डाबरीचे, बयडीचे व खाळापलीकडचे, अशी तीन शेते धाकट्या भावाकडे.’

आत्याच्या हक्काचा एकमेव कागद नावांवर उभा होता. आणि त्या नावांबद्दलचा दुसरा कागद, अगदी ताजा, आजचे खसरा क्रमांक घातलेला, चार सह्यांचा, माझ्या हस्ताक्षरातला, ती तिन्ही नावं भलत्या शेतांवर लावत होता. त्या पावतीप्रमाणे ‘खाळापलीकडचे’ म्हणजे गावाजवळचं शेत. तिन्ही शेतं धाकट्या भावाचीच हे खरं, पण नाव आणि जमीन जुळत नाही म्हटल्यावर विहिरीचे दोन बिघे कागदातले नेमके कोणते, यावर कोणीही वकील महिनाभर बोलू शकला असता. पुण्याच्या पुतण्याच्या किंवा त्या जमीनवाल्याच्या हाती तो कागद पडला तर आत्याच्या विरुद्ध पुरावा म्हणून आत्याच्याच भाच्याची पावती. चोर येईल म्हणून मी भिंत बांधली आणि तिला दारही मीच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मुलीला फोन केला. पावतीची तिची प्रत परत हवी, म्हटलं. ती म्हणाली, देते की. परवा धारला येतेच आहे, तिथे घ्या. मी विचारलं, धारला कशाला? ती म्हणाली, आजींनी बोलावलं आहे, पेरणीला.

आत्याला फोन लावला. तिने सरळ सांगितलं की हो, बोलावलं.

आत्याच्या सासरी एक रीत आहे. गव्हाची पहिली मूठ शेताच्या मालकाने टाकायची आणि टाकताना शेताचं नाव मोठ्याने घ्यायचं. नाव घेतल्याशिवाय पेरणीयंत्र शेतात उतरत नाही. यजमान गेल्यापासून आत्या स्वतः रिक्षाने जाते, बांधावर उभी राहते आणि तिन्ही शेतांत मूठ टाकते. आत्या म्हणाली की बटाईदार तिच्याकडे येऊन बसला होता. म्हणाला, भियाने नावं फिरवली, आता मूठ कुठल्या नावाने टाकायची ते सांगा, मी खोट्या नावाने बी टाकणार नाही. आत्याने त्याला सांगितलं की बी खऱ्याच नावाने पडेल. आणि त्या पोरीने पैसे दिलेत, तर तिलाही खरंच मिळेल.

“मला विचारायचं तरी,” मी म्हटलं.

“तुला विचारून एकदा केलं की,” आत्या म्हणाली.

पेरणीच्या दिवशी मी रजा काढली. बस इंदूरला अर्धा तास रखडली, गावात पोचेपर्यंत दहा वाजून गेले. गावाजवळच्या शेतावर ट्रॅक्टर थांबलेला, पेरणीयंत्र मागे जोडलेलं. बांधावर आत्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, शेजारी बटाईदार, आणि त्या दोघांच्या मागे वही उघडून ती मुलगी. मी दिसताच म्हाताऱ्याने मान दुसरीकडे वळवली.

आत्या उठली. मुठीत गहू घेतला. “डाबरीवाला,” ती म्हणाली, मोठ्याने, जसं घरातल्या माणसाला हाक मारावी तसं, आणि मूठ टाकली. म्हाताऱ्याने तेच नाव मागोमाग घेतलं. मग ट्रॅक्टर उतरला. मुलीने लिहिलं. मी तिची वही बघत होतो. या वेळी प्रश्नचिन्ह नव्हतं.

मग टेकाडावर बयडीवाल्याचं नाव घेऊन मूठ टाकली आणि तिथून खाळाकडे गेलो. पाणी घोट्याइतकं होतं, दगड ठेवलेले होते. आत्याचा एक हात मी धरला, दुसरा मुलीने. मध्ये आत्या थांबली आणि मला म्हणाली, “तू नावं लपवलीस. चोवीस तास कागद-कागद करतोस, पण चार वर्षांत नामांतरण काही पूर्ण केलं नाहीस. तहसीलमध्ये तुला सगळेच लबाड वाटतात, म्हणून तू जातच नाहीस. माझं शेत या पोरीमुळे गेलं असतं की तुझ्यामुळे, सांग बरं.”

मुलगी पाण्याकडे बघत होती. ऐकू येत नाही असं दाखवायला माणूस जसं बघतो तसं. एका कारकुनाने फाईल पुढे सरकवायला काही मागितलं होतं, मी दिलं नाही, आणि नाही दिलं यातच मला समाधान वाटत राहिलं. दुसऱ्या मार्गाने ती फाईल पुढे नेणं हे माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं.

पलीकडे चढून आत्याने श्वास घेतला आणि म्हणाली, “खाळपारला.” बटाईदार म्हणाला, “खाळपारला, बाईसाब.” मग माझ्याकडे बघून, पहिल्यांदाच त्या दिवशी, “अब तो ठीक है नी, भिया?”

पेरणी झाल्यावर विहिरीच्या कठड्यावर बसून मुलीने वहीतून पावती काढली आणि माझ्या हातात दिली. मी विचारलं, हिची छायाप्रत? ती म्हणाली नाही. मी विचारलं, फोनमध्ये फोटो? तिने फोन माझ्यापुढे धरला, बघा म्हणाली. मी बघितला. लाज वाटली, पण बघितला. फोटो नव्हता. दोन्ही प्रती मी आत्यासमोर फाडल्या आणि तुकडे खिशात ठेवले, शेतात नाही. त्यानंतर मी खऱ्या नावांची नवीन यादी लिहिली, खसरा क्रमांकासकट, वाटणीपत्राशी ताडून. ती यादी तिच्यासाठी नव्हती, तहसीलसाठी होती.

त्यापुढचे अडीच महिने मी पाच वेळा धारला गेलो. वाटणीपत्र, मृत्यूचा दाखला, नवीन यादी. जागेवर पाहणीला पटवारी, म्हणजे तलाठी, आला तेव्हा त्याने बटाईदारालाच विचारलं की कागदातलं खाळापलीकडचं कुठलं. म्हाताऱ्याने उजवा हात लांब केला, या वेळी खोकला न येता. दुसऱ्या गावच्या एका म्हाताऱ्यानेही तेच सांगितलं. मध्ये पुण्याच्या पुतण्याचा आत्याला फोन आला. त्याच्याकडे तो जमीनवाला महिन्याभरापूर्वीच पोचला होता, सही द्या म्हणून. दप्तरातली मालकांची नावं त्या जमीनवाल्याने इंटरनेटवर बघितली होती. खसरा कुणालाही दिसतो. त्याला कुठल्याही मुलीची गरज नव्हती. पुतण्याने त्याला सांगितलं की काकूला विचारल्याशिवाय मी सही करणार नाही. मग त्याने आमच्या बाजूने हरकत नसल्याचं लिहून पाठवलं.

फेब्रुवारीत खाळपारला आत्याच्या एकटीच्या नावावर झाला. आदेशाची प्रत मी तीन ठिकाणी ठेवली आहे.

मुलीबद्दल माझी खात्री झाली का? बरीचशी. तिची यादी वाढत चालली आहे, मधूनमधून ती आत्याकडे येते. पांढऱ्या गाडीचा नंबर मी अजून खोडलेला नाही.

आता हिशोब. बटाईदाराचे पाचशे त्याच्याकडेच राहिले, कारण त्याचा एक नव्हे तर दोन दिवस मोडले. पटवारी आला त्या दुसऱ्या दिवसाचे पाचशे मी वेगळे दिले. आत्याचे पाचशे आणि चहाचे शंभर, एकूण सहाशे रुपये, खोट्या नावांच्या बदल्यात घेतलेले म्हणून मी मुलीला परत केले. ती घेत नव्हती. आत्या म्हणाली घे, हा झोपणार नाही. तिने घेतले. पावती मागितली नाही, मीही लिहिली नाही.